‘स्टेबल’चा वाक्यात उपयोग

अर्धापूर,
रविवार, ८ जून २०२५

तनू,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मायना चुकला की मी दहावीच्या पोरांचा एक गुण कापतो. आज माझा कापला असं समज. दोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. मग नंबर ब्लॉक केलास. पुनमच्या फोनवरून लावला, तर वहिनीशी बोलायला मिळेल म्हणून उचललास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. त्या मानानं पत्र बरं. ते ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस निदान एकदा उघडून बघतो.

अण्णा परवा तुला भेटून लातूरहून आले. केळीच्या वेफर्सची पिशवी तू ठेवून घेतलीस, हे त्यांनी स्टँडपासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. पण जेवायला बसले तेव्हा घास हातातच राहिला. म्हणाले, “दया, तुझ्या इंग्रजीनं पोरीला काय करून ठेवलंय रं?” मग त्यांनी सांगितलं ते असं.

वॉर्डात तुला कुणा सीनियरनं सांगितलं, त्या खाटेवरच्या बाईच्या मुलीला जाऊन सांग, आई स्टेबल आहे. तू त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिलीस आणि तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बाहेर जाऊन बाथरूमला कडी लावून बसलीस. तो शब्द आला की गळा आवळतो, असं तू अण्णांना म्हणालीस. अण्णा चौथी शिकलेले, त्यांना तो शब्द सांगताना चार वेळा अडखळायला झालं. मला पहिल्यांदाच कळला होता.

तू डॉक्टर होणार. हा शब्द तुला दिवसातून पन्नास वेळा लागणार. तेव्हा भाऊ म्हणून नको, मास्तर म्हणून ऐक. आपल्या जुन्या पद्धतीनं लिहितो.

शब्द: स्टेबल. स्पेलिंग: एस, टी, ए, बी, एल, ई. जात: विशेषण. अर्थ: स्थिर, आहे तिथं टिकून असलेला. शब्दकोशात तबेला असाही अर्थ दिलाय, पण ते नाम आहे आणि आपल्याला घोडे बांधायचे नाहीत. डॉक्टर म्हणतात तेव्हा अर्थ एवढाच की नाडी, रक्तदाब, श्वास काल होते तसे आज आहेत. बरं वाटतंय असा अर्थ नाही. नातेवाईक तसा अर्थ घेतात, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. वाक्यात उपयोग: दुधाचे भाव या महिन्यात स्टेबल आहेत.

आठवतं का? तू पाच वर्षांची असताना मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रोज एक शब्द लिहायचो. शब्द, स्पेलिंग, अर्थ, वाक्य. मी एकोणीस वर्षांचा, डी.एड.ला नुकता गेलेला, आणि माझा पहिला वर्ग म्हणजे तू आणि दोन म्हशी. आई शेण काढता काढता ऐकायची. तिनं तुझ्याआधी ‘ब्युटिफुल’ पाठ केला आणि धाकट्या म्हशीला त्याच नावानं हाक मारायला लागली. शेजारच्या काकूंना मात्र ती शेवटपर्यंत ‘डेंजरस’ म्हणायची, ते तोंडावर, आणि काकूंना वाटायचं कौतुकच चाललंय. तू हॉस्टेलला गेलीस तरी दर रविवारी फोनवर तुला एक शब्द लागायचाच.

तेव्हा एवढंच सांगायचंय. आईच्या बाबतीत तो शब्द डॉक्टरांचा होता, मी फक्त तुझ्यापर्यंत पोचवला. आई शनिवारी गेली, रविवारी तुझी नीटची परीक्षा होती, आणि पेपर झाल्यावरच आम्ही तुला सांगितलं. पण तुला कळवायचं नाही हे आईचंच म्हणणं होतं. राख सावडायच्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी सगळ्यांसमोर ते सांगितलंय. त्या शब्दाचा दोष नाही, माझाही नाही. तो बिनधास्त वापर.

पावसाचा पत्ता नाही. अण्णा बरे आहेत.

दयानंद


अर्धापूर,
रविवार, २२ जून २०२५

तनू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज पोस्टमन शाळेच्या फाटकाशी आला की मी फळ्याकडं पाठ करून उभा राहतो, आणि पोरांना वाटतं सर कुणाला तरी पकडणार.

मागचं पत्र मी पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत माझं मलाच ते पटेना. दुधाचे भाव! आयुष्यात एवढं भिकार वाक्य मी कुठल्या पोराला दिलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ज्या वाक्यामुळं तुझा गळा आवळतो ते वाक्य मला चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी दुधाकडं गेलो.

डॉक्टर स्टेबल म्हणाले होते, ते मंगळवारी. आईला सोमवारी नांदेडला दवाखान्यात नेलं, फुप्फुसात पाणी झालं होतं, आणि मंगळवारी सकाळी ते म्हणाले की आता तरी स्टेबल आहे. ते मी तुला मंगळवारीच सांगितलं. तिथंवर सगळं खरं. त्यानंतर तो शब्द डॉक्टरांच्या तोंडी पुन्हा आला नाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तुला जो ऐकू आला तो माझा होता. शुक्रवारी तर डॉक्टरांनी इंग्रजी बाजूला ठेवून सरळ मराठीत सांगितलं होतं की जवळच्यांना बोलावून घ्या.

आणि शनिवार. ते लिहायला मला दोन रविवार लागले.

शनिवारी दुपारी आईला घरी आणलं. पाच वाजता तिला अग्नी दिला. मी ओढ्यावर अंघोळ करून परत आलो, अंगावरचा पंचा अजून ओला होता, आणि साडेसहाला तुझा फोन आला. घरात बायका रडत होत्या. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन घेऊन केळीच्या बागेत शिरलो, पार आत, पाट लागेपर्यंत. तू विचारलंस, आई कशी आहे. मी म्हणालो, स्टेबल. तू म्हणालीस, “दादा, रविवारचा शब्द आजच दे ना, उद्या पेपर आहे. हाच दे. मला त्याचं नीट वाक्य सांग.”

आणि मी दिला, तनू. स्पेलिंग दिलं. स्थिर असा अर्थ दिला. आणि वाक्य दिलं: माय मदर इज स्टेबल. तू ते माझ्यामागून दोनदा म्हटलंस, हसलीस, म्हणालीस की आता झोप लागेल. तेव्हा आईला जाऊन साडेसहा घंटे झाले होते. तिची चिता बागेच्या त्या टोकाहून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दगडोबा मामा जीप घेऊन तुला परीक्षेच्या फाटकावरून घ्यायला आले आणि चाकूर मागं पडल्यावर त्यांनी तुला सांगितलं. मामा म्हणतात, तू रडली नाहीस. फक्त विचारलंस, “काल साडेसहाला ती होती का?” मामांना खोटं बोलता येत नाही. राखेजवळ एकदा विचारलंस तेवढं सोडलं, तर त्या प्रश्नानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी कुठल्या तोंडानं तक्रार करू.

एवढं कबूल. तो शब्द मी वापरला आणि चुकीच्या जागी वापरला. पण तुला बोलवायचं नाही हे मी ठरवलं नव्हतं. आईची इच्छा होती म्हणून मी तसं वागलो. त्या एका गोष्टीपुरतं तरी माझ्याकडं बघ.

दयानंद


अर्धापूर,
रविवार, ६ जुलै २०२५

तनू,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. अक्षर डॉक्टरांसारखं व्हायला लागलंय, मास्तरला वाचायला भिंग लागलं. पुनमनं ते कार्ड देवघरात ठेवायला घेतलं होतं, मी काढून घेतलं.

तू विचारलंयस: “आई नक्की काय म्हणाली होती? कधी म्हणाली, कशी म्हणाली? शब्द न् शब्द लिही.”

लिहितो.

शुक्रवार होता. दुपारचे तीन-साडेतीन. आत एकालाच सोडायचे, अण्णा खालच्या हॉलमध्ये बसलेले होते, त्यामुळं मी एकटाच होतो. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं तो बाजूला केला, माझा हात धरला आणि म्हणाली, “दया, माझ्या लेकरानं दोन साल जीव जाळून अभ्यास केलाय. तिचा पेपर होऊस्तर तिच्या कानावर काही जाऊ देऊ नको. माझी शपथ हाय तुला. ती डॉक्टर झाली म्हंजी मी पुन्हा उठून बसले असं समजा.” मग तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं. त्यानंतर ती विशेष बोलली नाही.

हे सगळं असं झालं. आईची शपथ मोडायची तर माझी छाती नव्हती. अण्णांना मी खाली जाऊन सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, तिचंच म्हणणं असंल तर राहू दे.

तुझं मन हलकं व्हावं म्हणून एवढं तपशिलानं लिहिलं. आणखी काही विचारायचं असेल तर विचार. कार्डावर जागा कमी पडते, पाकीट घेत जा.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. मी ‘आजचा शब्द’ लिहायचं काम आता पोरांवर सोपवलंय. घरी अण्णांनी गोठ्याची भिंत रंगवून घेतली, पण खालच्या कोपऱ्यात तुझ्या हातचं एक उलटं ‘एन’ आहे, तेवढं त्यांनी रंगवू दिलं नाही.

तुझा दादा
(हे लिहायचा हक्क आहे की नाही, कळव.)


अर्धापूर,
रविवार, २० जुलै २०२५

तनू,

तुझं पत्र गुरुवारी शाळेत आलं. स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचलं. पंचमीला येते, सोमवारी भावाचा उपास धरीन, दोन वर्षं धरला नव्हता, एवढं वाचलं आणि पुढचा तास मी घेतला की नाही ते आठवत नाही. तू लिहिलंस, “दादा, आईनंच शपथ घातली तर तू काय करणार होतास? त्या शनिवारी फोनवर तुला किती जड गेलं असेल. मी उगाच तुझ्यावर राग धरला.”

घरी सांगितलं तर अण्णा उठले आणि माळ्यावर चढून झोक्याचा दोर शोधायला लागले. पंचमीला अजून नऊ दिवस आहेत. पुनमनं लाह्यांसाठी ज्वारी निवडायला घेतली. तुझ्या खोलीतली केळीच्या रोपांची खोकी बाहेर काढली. तीन दिवस मी या घरात सगळ्यांत सुखी माणूस होतो, हे आधी लिहून ठेवतो.

पण तुझ्या पत्राला दुसरं पान होतं.

“माझा राग आता आईवर आहे,” असं तू लिहिलंयस. “मरतानासुद्धा तिला माझ्यापेक्षा माझा पेपर मोठा वाटला. मी दोन वर्षं विचार करते, तिनं एकदा तरी माझं नाव घेतलं असेल. तुझं पत्र वाचून कळलं, नाही घेतलं. मी घरी येईन, पण तिच्या फोटोला हार घालायला मला सांगू नका. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

हे वाचूनही मी तीन दिवस गप्प राहिलो. मनाला समजावलं की आई तर गेलीच, गेलेल्या माणसाला कुणाचा राग बाधत नाही. मी जिवंत आहे, मला बहीण पाहिजे. तू आलीस, झोक्यावर बसलीस, माझ्याशी बोललीस, की हळूहळू आईवरचाही राग जाईल. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मला तोंडानंच नाही, लेखणीनंही जमतं, आणि याही वेळी निभलं असतं.

आज सकाळी अण्णांनी आईचा फोटो खाली काढला. काच पुसली. मग तो देवघराशेजारी न लावता दारासमोरच्या खुंटीला लावला, म्हणजे आत येणाराची नजर आधी त्यावर पडेल. मला म्हणाले, “तनी आली की आधी हिच्याच पाया पडंल. लई दिसांनी भेटतील मायलेकी.” मी तिथून उठलो आणि शाळेच्या कुलपाची किल्ली घेऊन इथं येऊन बसलोय. रविवारची शाळा रिकामी आहे. हे पत्र मला घरात बसून लिहिता आलं नसतं.

तनू, आईनं शपथ घातली नाही.

मागच्या पत्रात तिच्या नावानं लिहिलेलं एकही वाक्य तिचं नाही. हात धरला नाही, समाधान नव्हतं, डोळे मिटले नव्हते. ते मी बसून रचलं, दोनदा खाडाखोड केली आणि चांगलं जमलं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

जे झालं ते असं.

गुरुवारी सकाळी तिनं पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. मास्क काढून म्हणाली, “तनूला बलाव.” मी म्हणालो, रविवारी तिचा पेपर आहे. ती म्हणाली, “पेपर काय, फुडल्या साली दील. मला माझी पोरगी बघू दे.” एवढं स्पष्ट. मी म्हणालो, बघू. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं, मी म्हणालो, तिला सांगितलंय. सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तुला फोनवर स्टेबल म्हणालो होतो.

शुक्रवारी डॉक्टरांनी जवळच्यांना बोलवायला सांगितलं. शेजारच्या खाटेवर एका नांदेडच्या माणसाचं ऑपरेशन झालं होतं, त्याची बायको बानो तिथं असायची. तिनं सगळं ऐकलं होतं. ती स्वतःहून म्हणाली की तिचा भाऊ रियाज लातूरलाच असतो, त्याची गाडी आहे, तो अडीच घंट्यात पोरीला इथं आणून सोडेल, नंबर देते. तेव्हा मी तिला पहिल्यांदा ते खोटं सांगितलं, की आईच नको म्हणते. बानो माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, “सर, मी पण एक अम्मी हाय. अशी कोणती अम्मी बोलती?” मी नंबर घेतला नाही. नंतर तेच खोटं खाली जाऊन अण्णांना सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी राखेजवळ तुला. वापरून वापरून ते इतकं गुळगुळीत झालं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

का केलं, ते विचारशील. तुझ्या भल्यासाठी असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. खरं एवढंच आहे की मी बारावीनंतर लातूरला राहून दोनदा मेडिकलची परीक्षा दिली आणि दोनदा पडलो. मग मास्तर झालो. गोठ्याच्या भिंतीवर पहिला शब्द लिहिला त्या दिवसापासून मी तुला त्या फाटकातून आत ढकलत होतो. पेपर दोन दिवसांवर आला होता. तुला बोलावलं असतं तर तू पेपर सोडला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ते नको होतं. आई पुढच्या सालावर राजी होती आणि मी नव्हतो.

आता शनिवार.

सकाळी सात वाजता आईनं विचारलं, “निघाली का?” मी म्हणालो, निघाली, सातची नांदेड गाडी धरली. ती जरा शांत झाली. आठ वाजता विचारलं, “कुठवर आली?” म्हणालो, चाकूर. साडेनऊला म्हणालो, अहमदपूर, गाडी चहाला थांबलीय. त्यावर आई म्हणाली, “तिला म्हणावं बिस्किट खाय. उपाशी निघाली असंल.” मी हो म्हणालो आणि तिला दिसावं म्हणून फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं. बंद फोन कानाला लावून मी म्हणालो, तनू, आई म्हणते बिस्किट खा. आईनं मान हलवली. बानो उठून बाहेर गेली.

तो फोन मी खरा लावू शकत होतो. सात वाजता लावला असता तर रियाजच्या गाडीनं तू दहाच्या आत पोचली असतीस. हे गणित मी दोन वर्षं रोज करतो आणि रोज तेच उत्तर येतं.

साडेदहाला म्हणालो, लोहा आलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की लोह्याच्या पुढं नांदेडच. माझ्याकडं सांगायला गाव उरलं नव्हतं. आईचा श्वास वर लागला होता, बोलायला एकेक शब्द ओढावा लागत होता. तिनं विचारलं, “आली का?” मी म्हणालो, “आई, गाडी लोह्यात पंक्चर झालीय. टायर बदलून राहिले.”

आई दाराकडं बघत होती. म्हणाली, “मग थांबते मी.”

आणि ती थांबली, तनू. नर्सनं मास्क पुन्हा बसवला तो तिनं काढला नाही, हालचाल केली नाही, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. सगळं बळ तिनं श्वासाला लावलं. बानोनं जाऊन दार उघडं धरून ठेवलं होतं. बाराला पाच मिनिटं कमी असताना ती गेली. तेवढा वेळ ती फक्त तुझ्यासाठी होती.

तिनं तुझं नाव एकदा नाही घेतलं. तीन दिवस घेतलं. जो राग तू आईवर काढते आहेस तो माझा आहे, माझ्याकडं परत दे.

पंचमीला ये. मी आणि पुनम तिच्या माहेरी जाऊ, चार दिवस परतणार नाही. अण्णा स्टँडवर असतील. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, सांगायचं की नाही ते तू ठरव. सोमवारी माझ्यासाठी उपास धरू नकोस. पोटभर जेवून निघ.

दारात आईचा फोटो दिसेल. हार घाल, नको घालू. पण तिच्याजवळ बसलीस तर तिला एवढं सांग, की तू त्या गाडीत नव्हतीस. मी रोज तिच्यासमोरून जातो आणि अजून मला ते सांगता आलेलं नाही.

दयानंद